चाकण ते चाकण, व्हाया निगडी

निगडी प्राधिकरण, शुक्रवार

चि. सुखदा हिस,

ताईचे आशीर्वाद. तुझे गुडघे, अनंतरावांची साखर आणि सोलापूरचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे. संतापाने रक्त खेळतं राहतं. फोन न करता पत्र का, म्हणशील. फोनचा मला वीट आलाय. का, ते वाच.

तुझी लेक योगिनी माझ्याकडे राहून चाकणच्या ज्या कंपनीत डिझायनर आहे (कारखान्यांचे फलक, खोक्यांवरची चित्रं, स्टिकर), तिथला सगळा कारभार फोनवर चालतो. गिऱ्हाईक दुरुस्त्या फोनवर सांगतं, मालक केयूर खुर्चीतूनच त्या ओरडून सांगतो, आणि ज्याला ऐकू येतं तो त्या करतो. योगिनीला जन्मापासून ऐकू येत नाही हे त्याला नोकरी देतानाच माहीत होतं. (कर्णबधिर दिनाला 'आमची प्रेरणा' म्हणून तिचा फोटो कंपनीच्या पानावर टाकला. त्या फोटोची मांडणीही तिच्याकडूनच करून घेतली.) चार वर्षं ती एकच मागतेय, दुरुस्ती लिहून द्या. त्याचं उत्तरही चार वर्षं एकच, "लिहायला वेळ कुठंय?"

म्हणून जूनमध्ये मी तिला न विचारता चाकणला गेले आणि त्याला अर्धा तास सुनावलं. तो मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मावशी, किती क्लिअर बोलता हो तुम्ही! तुमचा नंबर द्या ना." मी दिला. (हसू नकोस.)

दुसऱ्या दिवसापासून सुरू. "मावशी, योगिनीला सांगा ना, लोगो मोठा कर." मी कुकर बंद करायचा, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहायची (टाइप करताना माझा अंगठा भलतीकडेच पडतो), चिठ्ठीचा फोटो काढून योगिनीला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. त्याच्या आणि तिच्या टेबलात अंतर दहा फूट. निरोप मात्र चाकणहून निगडीला यायचा आणि निगडीहून चाकणला जायचा. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लोकांचे कॉल जोडले, आता पेन्शनीत पुन्हा तेच, तेही बिनपगारी.

गेल्या आठवड्यात एका कारखान्याचे साठ फलक छापून गेले. फोर्कलिफ्टचा रस्ता, इथे चालू नये, वगैरे. कडेला पिवळे-काळे पट्टे हवे होते, आले राखाडी. कारखान्याने साठच्या साठ परत पाठवले. केयूरने सगळ्यांसमोर खुलासा केला, "तिला ऐकू येत नाही ना, असं होणारच." गिऱ्हाईकही लगेच विरघळलं, "बिचारी!" एका वाक्यात सगळे सुटले, अडकली ती. तिची ठरलेली सीनिअरची जागा आता तिथल्याच निरंजनला. (दोन्ही कान शाबूत, डोळे कशाला दिलेत ते त्याच्या रंगसंगतीवरून कळत नाही.) आणि गुरुवारपासून योगिनी स्टिकर कापायला बसणार. जी मुलगी नुसत्या छापील रेषेवरून ती कुठल्या मशीनवर छापली ते ओळखते, ती कात्री घेऊन! असल्या लोकांना मी काय म्हणते ते तू फक्त कल्पनेत ऐक.

तुझी,
अरुंधतीताई

ता. क. लिंबाचं लोणचं पाठवू नकोस, मागचंच अजून शिल्लक आहे.

ता. क. २. केयूरने फोनवर पिवळे-काळेच सांगितले होते. मला ते अगदी रिक्षासारखं वाटलं. आपल्या शाळेतल्या सिस्टरना राखाडी किती शोभायचं, म्हणून मी 'सौम्य राखाडी' लिहिलं. योगिनीने उलट विचारलं होतं, "नक्की?" मी लिहिलं, "नक्की. केयूरनेच सांगितलंय." ती चिठ्ठी तिने ऑफिसात कोणालाही दाखवलेली नाही. माझ्या टेबलावरून उचलून फ्रिजवर चुंबकाखाली लावली आहे, दूध काढताना रोज दिसेल अशी. तिच्या खुणांपैकी मला चहा, जेवलीस का आणि पुरे, एवढ्याच येतात. यांतली एकही इथे चालत नाही.

ता. क. ३. बुधवारी सकाळी ये. चिठ्ठी घेऊन आपण तिघी केयूरकडे जाणार आहोत. योगिनीने मला लिहून दिलंय की बोलणार ती, तिच्या हातांनी, आणि ते मोठ्याने सांगणार तू, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मी शेजारी गप्प बसायचं. कागदावर खाली माझी सही घेतली आहे.