चढावरची टकटक

शुक्रवार, संध्याकाळ

स्कूटरला जोर आला होता, पण ती टकटक काही डोक्यातून जात नाही.

बायको, हेमा, रोज सकाळी मासळीचा टब मागे बांधून मुरब्याहून बोईसरच्या बाजारात जाते. पुलाच्या चढावर आमची जुनी गाडी धापा टाकते. म्हणून भंगारातून जरा मोठा पिस्टन आणि सिलिंडर आणून आज बसवला. चढ सहज चढली! खूश होऊन परत फिरलो, तर इंजिन तापल्यावर टकटक सुरू. पिस्टन घासतोय की काय? चालत्या गाडीत तो जाम झाला, तर मागचं चाक जागीच अडकेल. आणि मागून कारखान्यांचे ट्रक...

हेमाने विचारलं, "झाली काय गाडी?"

झाली, म्हणून टाकावंसं वाटलं. नाही जमलं. टकटकीचं सगळं सांगितलं.

"मग जुनाच बसव. चढाला मी उतरून ढकलीन."

"एवढी मेहनत केली गं."

"आनि मी पडली तर?"

दोघांनी इंजिन खोललं, ती पाने देत होती. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. बोट फिरवलं, तर ते नखाला लागत होते.

जुना बसवला. टकटक गेली, जोरही गेला. हेमा स्वतः देवळापर्यंत चक्कर मारून आली. ती दिसेपर्यंत मी रस्त्यातच उभा.

उद्या कामाला लवकर निघून पुलाच्या चढाशी थांबणार आहे. टब जड असतो, ढकलायला दोघं हवीत.