आठ वाजताचा कुकर

अहो,

गाडीची वेळ झाली, म्हणून निघते. आज रविवार, अमरगोळचं मार्केट यार्ड बंद असतं हे मलाही ठाऊक आहे. तरी सकाळीच 'माल बघून येतो' म्हणून गेलात, फोनही फ्रिजवर ठेवून. असू दे.

भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्यात, शेंगाचटणी बरणीत आहे. चिन्मयी शेजारच्या अक्कांकडे बसली आहे. 'अप्पा कुठं गेले' म्हणून तिनं दोनदा विचारलं. तिला आधी घेऊन या.

तारिहाळच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की पहिली हाक मला असायची, पण नवं कुठलं घ्यायचं ते ठरवताना मला कुणी विचारत नसे. टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटची पदवी घे, म्हणून तुम्हीच मागे लागलात. आता ते ठरवायचंच काम मिळालं, तर ते निघालं पुण्यात. त्याला मी तरी काय करू?

दोन वर्षं रोज संध्याकाळी माझा ऑनलाइन क्लास असायचा. माइकमध्ये शिट्टी जायला नको म्हणून तुम्ही कधी कुकर लावला नाहीत. दुपारचा गार भात ताकात कालवून खाल्लात, आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत.

आता मी रोज रात्री आठला फोन करीन. कुकर तेव्हाच लावा. काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल, पण फोन ठेवू नका. शिट्टी होईपर्यंत मी ऐकत थांबेन.

स्मृती