तलावावर उतरलेलं कबुतर

आसगाव, ता. पवनी

प्रिय भुपेंद्रदादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

तिकडे सीमेवर तोफा सुरू झाल्या, तुझा फोन लागेनासा झाला, तेव्हाची गोष्ट. तलावात मासे धरणाऱ्या धनीरामकाकांना काठावर एक थकलेलं कबुतर सापडलं. पायात आकडे कोरलेलं कडं. काकांच्या मिथुननं त्याला घरी नेऊन पाणी पाजलं, तोच गावभर झालं, "धनीरामच्या घरी दुश्मनाचं कबुतर हाये!" लोक काठ्या घेऊन धावले. कोणी म्हणे, पाखराची मान पिरगाळा. कोणी म्हणे, आधी बापलेकाले बांधा. बाबाही त्या गर्दीत होते. मिथुन कबुतर छातीशी धरून दारात उभा होता. मी जाऊन त्याच्या बाजूला उभी राहिले.

आपले आजोबा ब्रह्मदेशाच्या लढाईत पलटणीची कबुतरं सांभाळायचे. तारा तुटल्या की चिठ्ठी नळीत घालून कबुतराच्या पायाला बांधायची आणि सोडायचं. एक रक्तानं भिजून परतलं होतं. त्याची आठवण ते म्हातारपणीही काढायचे. पण एक गोष्ट ते बजावून सांगत: कबुतर फक्त आपल्या खुराड्याकडेच उडतं. मी तेच ओरडले, "दुश्मनाचं असतं तं दुश्मनाकडं गेलं असतं! आसगावात कायले आलं असतं? तुमी कोनाले मारून राहिले?" शेजारच्या बायजाबाई पुढे येऊन म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलते." मग काठ्या खाली आल्या. पुढे पोलिसांनी कड्यावरून मालक शोधला. नागपूरचा निघाला, शर्यतीची कबुतरं पाळणारा; त्याचं पाखरू घरी परतताना थकून आपल्या तलावावर उतरलं होतं.

गर्दी पांगल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "तू त्याच्या बाजूनं काहून उभी राहिली?" त्यांचा प्रश्न कबुतराचा नव्हता, हे मला कळलं. मी खरं ते सांगितलं, लग्न करीन तर मिथुनशीच. त्यांनी ते तुला कळवलं, आणि तू फोनवर गरजलास, "माझी बहीण आता मासोळ्या विकन का?"

हो दादा, विकीन. मिथुन आणि मी भंडाऱ्याला विवाह नोंदणीच्या कचेरीत जाऊन लग्नाची नोटीस देऊन आलो. परवानगी मागत नाही. महिन्याभरानं होणाऱ्या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. बायजाबाई तयार आहेत, मिथुनची बहीण नंदिनी तयार आहे. तिसरी सही तुझी हवी. सुट्टी काढून ये. नाही आलास तर बायजाबाईंचा योगेंद्र सही करेल, लग्न थांबणार नाही. पण मी कचेरीच्या दारात तुझी वाट बघेन.

हट्टी असली तरी तुझीच,
रीना