फेसाची वाटी

सोमवार, ५ मार्च

नातवाने ऑफिसातून मिळालेली कोरी डायरी दिली. म्हणाला, आजी, दिवसभर बोलतेस, थोडं लिहून काढ, आमच्या कानांना सुट्टी. शाळा चौथीत सुटली माझी, पण तेवढ्यात भागतं.

बुटकीकडे जाऊन आले. बुटकी म्हणजे माझी धाकटी बहीण. भाची दारातच कुजबुजायला लागली. मावशी, आई तोंडच उघडत नाही. माणसं ओळखत नाही. डॉक्टर म्हणतात, या आठवड्यात तोंडाने खाल्लं नाही तर सोमवारी नाकातून नळी.

आत गेले. बुटकीने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

ओळखत नाही म्हणे. जन्मभर माझ्याशी भांडली ती मला ओळखत नाही? रुसली आहे. रुसली की तोंड मिटायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. डॉक्टरला काय माहीत. तो काय आमच्या मळ्यावर होता?

ठरलं. आई करायची तसा स्ट्रॉबेरीचा जाम करायचा. जिभेवर एक चमचा पडला की रुसवा खलास, आणि मला ताई म्हणेल. शनिवारपर्यंत काम फत्ते. अवघड काही नाही, मला सगळी पद्धत पाठ आहे.

मंगळवार, ६ मार्च

फळं आणली. एकूण एक लाल, रसरशीत, निवडून. फळवाला म्हणाला, आजी, दाबून बघू नका. म्हटलं, बाळा, तू रांगत नव्हतास तेव्हापासून मी ही फळं हाताळते आहे. तो म्हणाला, तरीपण दाबू नका.

आमच्या मळ्यावर अशी फळं आमच्या तोंडाला कधी लागली नाहीत. चांगलं तेवढं पेटीत आणि पेटी बाजारात. वडिलांची नजर घारीसारखी. आता बघू कोण अडवतं.

सून म्हणाली, आई, मोबाइलवर दाखवलंय, थोडं लिंबू पिळा, घट्ट होतो. म्हटलं, तुझ्या मोबाइलने कधी मळा पाहिलाय का?

संध्याकाळी. जाम जमला नाही. नुसतं पाणी. मुलगा ग्लासात ओतून प्यायला आणि म्हणाला, सरबत छान झालंय. दोष गॅसचा आहे. गॅसच्या आचेत दम नसतो.

बुधवार, ७ मार्च

पुन्हा केला. परत सगळी लालच फळं. या वेळी खूप आटवला. आधी पाणी होतं, मग एकदम डांबर झालं. मधलं काही आलंच नाही. पातेलं सुनेच्या माहेरचं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

पद्धत मला पाठ आहे हे पुन्हा लिहून ठेवते. आई घरामागच्या चुलीवर जाम करायची. बुटकी उपड्या पेटीवर उभी राहून ढवळायची, कारण तिचा हात पातेल्यापर्यंत पोचायचा नाही. पळी तिच्यापेक्षा लांब. मी तिथे नसायचे, मी मोठी म्हणून वडिलांबरोबर वाफ्यांत. पण मळ्यातून धूर दिसायचा आणि वास यायचा. हुशार माणसाला तेवढं पुरतं.

शिवाय फेस. जाम उकळताना वर गुलाबी फेस येतो, तो काढून घ्यायचा. पावाला लावून खावा तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मी उन्हातून यायचे तेव्हा खिडकीत माझ्यासाठी फेसाची वाटी बशीने झाकून ठेवलेली असायची. फक्त माझ्यासाठी. आईने ठेवलेली. मी आईची लाडकी होते, हे सगळ्यांना माहीत होतं. बुटकीला कधी वाटी ठेवलेली मी पाहिली नाही.

खरं दुखणं ते आहे. त्या वाटीचा राग तिने आजपर्यंत पोटात ठेवला आणि आता म्हातारपणी काढते आहे. मला आधीच कळायला हवं होतं.

गुरुवार, ८ मार्च

आज जाम केला नाही. मुद्दाम. हाताला विश्रांती.

उरलेली फळं टोपलीत घालून बुटकीकडे नेली. म्हटलं, जाम नाही तर फळं तरी बघेल. टोपली मांडीवर ठेवली. तिने तोंड उघडलं नाही, पण हात चालायला लागले. एकेक फळ उचलायचं, फिरवून बघायचं आणि बाजूला ठेवायचं. सगळी लाल लाल माझ्याकडे सरकवली. टोपलीच्या तळाशी तीन-चार फळं होती, मानेशी पांढरी, कच्ची, फळवाल्याने मला फसवून घातलेली. ती तेवढी स्वतःच्या पदराखाली घेतली.

भाची म्हणाली, बघा मावशी, तिला आता चांगलं-वाईट कळत नाही. म्हटलं, अगं, हा टोमणा आहे. तुझं तुला लखलाभ, असं म्हणते आहे ती मला.

भाचीने डोळे पुसले. हल्लीच्या मुली फार लवकर रडतात.

शुक्रवार, ९ मार्च

सकाळी चहा पिता पिता कप खाली ठेवला.

वाफ्यात माझ्याकडे दोन भांडी असायची. लाल फळ पेटीत. पांढऱ्या मानेचं, वाकडं, पाखरांनी टोचलेलं बादलीत. पेटी बाजारात जायची. बादली घरामागे, आईकडे. जाम बादलीचा होता. पेटीचा कधीच नव्हता. कच्च्या फळाशिवाय तो घट्ट होतच नसणार.

माझ्याच हाताने बादली भरत होते मी, इतकी वर्षं. असो. हे मला माहीतच होतं, फक्त आठवलं आज.

फळवाल्याकडे गेले. म्हटलं, तुझी टाकाऊ फळं दे. म्हणाला, आजी, परवा तर एकेक दाबून घेत होतात, आज कचरा? म्हटलं, जीभ आवर आणि पिशवी भर. पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, घरी सगळं ठीक आहे ना?

घरी आले. निम्मी कच्ची, निम्मी लाल. साखर. ढवळत राहिले, सुनेने स्टूल दिलं तरी बसले नाही. थंड बशीवर थेंब टाकला, बशी तिरकी केली. थेंब जागचा हलला नाही. सून म्हणाली, जमला की हो आई. म्हटलं, न जमायला काय झालं, आधीचे दोन मी अंदाज घेत होते.

वरचा फेस काढून वाटीत ठेवला. उद्या बुटकीला देणार. म्हणजे तिचा हिशोब फिटेल. तेव्हा आईने दिला नाही, आता मी देते आहे.

उद्या ताई म्हणणार. डॉक्टरची नळी डॉक्टरच्याच बॅगेत.

शनिवार, १० मार्च

सावकाश लिहिते, म्हणजे नीट लिहून होईल.

वाटी उघडून बुटकीच्या नाकाखाली धरली. वास गेला. डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. भाचीने माझा दंड घट्ट धरला. मी चमचा भरून पुढे केला.

बुटकीने चमचा हाताने बाजूला केला. वाटी माझ्याकडून घेतली, मांडीवर ठेवली. आजूबाजूला शोधलं, औषधांच्या टेबलावरची बशी उचलली आणि वाटीवर झाकली.

मग मला म्हणाली, आजी, ही कुणाला देऊ नका हं. ताईची आहे.

मला आजी म्हणाली.

मी म्हटलं, अगं, मीच ताई. तिने माझ्या केसांकडे पाहिलं आणि हसली, लहान मुलं मोठ्यांना हसतात तशी. म्हणाली, ताई मळ्यात आहे. उन्हात आहे ती, येईल तेव्हा भूक लागलेली असेल. आईने मला माझा वाटा दिला, तो मी खाल्ला नाही, तिला ठेवलाय. रोज ठेवते. आईला सांगू नका, आई ओरडते, म्हणते, तू कशाने वाढणार.

भाची म्हणाली, आई, एक चमचा तू घे ना. तिने तोंड मिटून घेतलं. अगदी घट्ट. मला वाटीला हात लावू देईना. शेवटी म्हटलं, ताईसाठी खिडकीत ठेवते, तेव्हा सोडली आणि मी ती खिडकीत ठेवली. तेव्हा कुठे ती मागे टेकली.

घरी येताना रिक्षात मुलाने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

रविवार, ११ मार्च

पुन्हा गेले. वाटी तशीच खिडकीत. भाची म्हणाली, सकाळपासून विचारते आहे, ताई आली का. मी काय सांगू, मावशी?

मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले, दाराआड उभी राहिले आणि सगळं खाल्लं. चाटून पुसून. मग रिकामी वाटी बुटकीला नेऊन दाखवली. म्हटलं, ताई येऊन गेली. सगळं संपवलं. छान झालंय म्हणून तुला सांगायला सांगितलंय.

तिने वाटीत बोट फिरवून बघितलं. खूप खूश झाली. मला वाटलं, आता खाईल. मी घरून आणलेली जामची दुसरी वाटी पुढे केली.

तीही झाकून ठेवली. उद्यासाठी.

सोमवार, १२ मार्च

नळी घातली.

जाम बरा होता. साखर थोडी जास्त झाली.