तेरा नंबरची डिस्क

२ जून
आजपासून डिस्क गोल्फ: प्लास्टिकची चकती फेकून साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायची. गावच्या जोडी-स्पर्धेसाठी मेव्हण्याला, ओलावीला, जोडीदार हवाय. मी तयार आहे म्हटलं. तो म्हणाला, दाजी, आधी एक अख्खी फेरी डिस्क न हरवता खेळा, मग बघू. हा तर डाव्या हातचा मळ.

४ जून
दुकानातली बाई म्हणाली, नवशिक्यांनी दोन-तीन नंबरच्या घ्याव्यात, हळू पण सरळ जातात. नवशिका कोण? तेरा नंबरच्या पाच घेतल्या. नंबर जितका मोठा, तितकी वेगवान. मागे नाव आणि फोन लिहायचा, म्हणजे सापडली की लोक मेसेज करतात. कागद गिरणीत कामावर असताना माझा फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून हेल्वीचा नंबर टाकला. बायकोचा नंबर पाठ आहे, हेही दिसलं. तशी गरज पडणार नाहीच.

५ जून, संध्या. ७
पहिलीच डिस्क डावीकडे वळून थेट तळ्यात. वारा. खाली पान हलत नव्हतं, पण वर असणार. हेल्वीने विचारलं, कसं झालं? झकास, म्हटलं.

९ जून
व्हिडिओ पाहिला. आधी कंबर, मग खांदा, मनगट शेवटी. स्वयंपाकघरात सराव. कॉफीची किटली गेली. हेल्वीने फरशी पुसली. हल्ली ती रोज संध्याकाळी फिरायला जाते. चांगलं आहे, तिलाही व्यायाम हवा.

१३ जून
दोन ब्लूबेरीच्या झुडपांत, एक स्प्रूसच्या उंच झाडाच्या शेंड्यावर. डास. मागे दोन आजीबाई दहा मिनिटं आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या. मग एक म्हणाली, अहो, चिडून नका फेकू, तिनं तुमचं काय वाकडं केलंय? तिने दोन नंबरची हलकेच सोडली, थेट टोपलीच्या साखळ्यांत. नशीब असतं एकेकाचं.

१८ जून
पाचही गेल्या. दोष डिस्कचाच. चौदा नंबरच्या चार आणल्या.

१९ जून
त्याही गेल्या.

२१ जून, जुहानुस, म्हणजे भर उन्हाळ्याचा सण
ओलावीबरोबर सौनाच्या वाफेत बसलो. त्याने विचारलं, किती हरवल्या? एकही नाही, म्हटलं. त्याने तापल्या दगडांवर आणखी एक डाव पाणी ओतलं आणि म्हणाला, ठरलं मग, आपली जोडी. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

बाहेर शेकोटीवर सॉसेज भाजत होतो. हेल्वीचा फोन वाजला. तिने मोठ्याने वाचलं: तुमची चौदा नंबरची लाल डिस्क आमच्या होडीत सापडली. मग ती गाडीतून पिशवी घेऊन आली. आत बाकीच्या आठही. स्प्रूसवरचीसुद्धा. कुणीतरी सापडल्याचं कळवलं की ही जाऊन घेऊन यायची, हेच तिचं फिरणं.

ओलावी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. त्याने तिला विचारलं, ताई, तिथे जातेस तर फेकतेस का कधी? ती म्हणाली, थोडंफार, एका आजींनी दोन नंबरची दिलीये.

२२ जून
तिने फेकून दाखवली. हळू, सपाट, साखळ्यांत. ओलावी म्हणाला, दाजी, वाईट वाटून घेऊ नका. घेतलं.

२९ जून
स्पर्धेत ओलावी आणि हेल्वीची जोडी तिसरी आली. माझ्याकडे पिशवी, आणि झुडपांत गेलेल्या डिस्क शोधायचं काम. ती झुडपं माझ्याइतकी गावात कुणालाच माहीत नाहीत, असं हेल्वीनेच सगळ्यांना सांगितलं.

दिवसभरात त्यांची एकही झुडपात गेली नाही.