दुसऱ्या शिंगाची धून

मी, ॲम्ब्रोझ होलुब, जन्म बोहेमियातला, वय एकसष्ट, आल्टनब्रुनच्या काउंटसाहेबांच्या वाद्यवृंदात दुसरे शिंग वाजवणारा, देवाला स्मरून लिहून देतो की माझी छाती कफाने भरली असली तरी डोके शाबूत आहे. मृत्युपत्राचा पुढील मजकूर मी राजीखुशीने सांगितला असून कारकुनाने तो जसाच्या तसा उतरवला आहे.

पहिले. नदीकाठचे दोन खोल्यांचे घर, मागचे आलुबुखाराचे झाड आणि शिल्लक जे काही असेल ते माझी पत्नी रोझिना हिचे. शिल्लक किती, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

दुसरे. माझा काळा कोट राउशरसाहेबांना द्यावा. ते आमचे संगीतप्रमुख. प्रत्येक सिंफनीत त्यांनी मला इतका वेळ गप्प बसवले की कोटाची बसायची बाजूच तेवढी झिजली आहे.

तिसरे. माझे पितळी शिंग, सूर बदलण्याच्या सहाही वळ्यांसह, तादेआश स्टेहलिक यास द्यावे. तो पहिले शिंग वाजवतो. आम्ही एकाच गावचे. जोडी म्हणूनच इथे नोकरीला लागलो. तरी अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याचे कारण इथे नोंदवणे भाग आहे.

वरचे गोड सूर पहिल्या शिंगाचे, खालचा आधार दुसऱ्याचा, अशी रीत. पण एकदा काउंटसाहेबांच्या वाढदिवसासाठी राउशरसाहेबांनी मिन्युएट या नाचाच्या तुकड्यात एक धून खास दुसऱ्या शिंगासाठी लिहिली. जेमतेम मिनिटभराची, पण माझी. त्याच सकाळी झाडाखाली मला गांधीलमाशी ओठाला चावली. दुपारपर्यंत सूज उतरली होती. तरी तादेआश राउशरसाहेबांकडे जाऊन म्हणाला, "ॲम्ब्रोझचा ओठ भोपळ्याएवढा झालाय. ती जागा मी सांभाळतो." सांभाळली. काउंटसाहेबांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मी शेजारी बसून पाने उलटली.

त्यानंतर कोपराला कोपर लावून बसलो, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेतला, सुरात कधी फट पडू दिली नाही; पण शब्द नाही. काही सांगायचेच झाले तर आमच्यातल्या ओबो नावाची सनई वाजवणाऱ्या फिंकमार्फत.

यंदाच्या वसंतात माझा पुढचा दात पडला. पुढचा दात गेलेला शिंगवाला म्हणजे घरी बसलेला शिंगवाला. राउशरसाहेबांनी माझ्या जागी माणूस शोधायला घेतला, तेव्हा तादेआश त्यांना म्हणाला, "आम्हाला जोडीनं घेतलंय साहेब. जाऊ तर दोघं जाऊ."

"अरे, पण तुम्ही दोघं तर बोलतही नाही!"

"बोलायला कुठे ठेवलंय? वाजवायला ठेवलंय."

हे मला खुद्द राउशरसाहेबांनी चिडून सांगितले. मी तसाच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"काय रे, उतरली का सूज?"

"त्याच दिवशी उतरली होती."

"ठाऊक आहे मला." तो बाजूला झाला. "ये आत. मला हवी होती ती धून. इतकी वर्षं वरचे सूर वाजवतोय, पण असं काही माझ्यासाठी कुणी लिहिलंच नाही."

"हे तेव्हाच म्हणाला असतास तर दिली असती."

"नसतीस दिली."

"नसती दिली," मी कबूल केले. मग आम्ही बिअर घेतली. त्यानंतर सहा महिने मी शिंग ओठांच्या कडेला धरून वाजवले. जो सूर निसटे, तो तादेआश गुपचूप भरून काढी.

चौथे. साक्षीदारांच्या वेळी घोळ झाला, तोही लिहून ठेवतो. कारकून म्हणाला, ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही. तादेआश माझ्या उशाशीच बसला होता. म्हणाला, "मग खोडा ते शिंग. हा शुद्धीवर आहे हे माझ्याइतकं कुणाला कळणार? याचा एकूण एक श्वास ओळखतो मी." मी नको नको म्हणत असता त्याने टाक उचललासुद्धा.

म्हणून तिसऱ्या कलमातले तादेआशचे नाव रद्द समजावे. शिंग रोझिनाचे. यावर ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, माझं झालं ना? मग मी ते कुणालाही देईन, कारकुनाला विचारत बसणार नाही!"

कारकुनाने हेही लिहून घेतले आहे.

स्थळ : आल्टनब्रुन
तारीख : ९ ऑक्टोबर १७५८

(सही) ॲम्ब्रोझ होलुब

साक्षीदार :
१. (सही) गेऑर्ग फिंक, ओबोवादक
२. (सही) तादेआश स्टेहलिक, पहिले शिंग. माणूस शुद्धीवर आहे. श्वास आज जरा आखूड, पण तालात.