फौजदार एकटी विमानाने गेली त्याची हकीकत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढं वाकून).

तुझा गुडघा काय म्हणतो? नवी कवळी तोंडात रुळली, की अजून डबीतच मुक्कामाला आहे? माझं म्हणशील तर ठीक चाललंय. उजव्या कानाने ऐकतो आणि डाव्याने ऐकल्यासारखं करतो. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वर्षभर विमानात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलंय, हे तुला माहीत आहे. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तेच.

तर आपल्या फौजदाराला तिच्या आईकडे पोचवायचं होतं. (नातीला फौजदार कोणी म्हणायला लागलं आठवत नाही, पण वयाच्या नवव्या वर्षी जी मुलगी बरणीचं झाकण सैल का म्हणून आजोबांची उलटतपासणी घेते तिला दुसरं काय म्हणणार?) लेकीला दूरच्या शहरातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली तेव्हापासून आठ महिने पोर माझ्याकडे होती. आता लेकीला जागा मिळाली, शाळा ठरली, सोमवारपासून वर्ग. लेकीला रजा नाही, जावईबापू जहाजावर, आणि माझा कान असा. तेव्हा फौजदार एकटी विमानाने येईल, असा हुकूम सुटला. मी कडाडून विरोध केला. बत्तीस वर्षं पार्सलच्या काउंटरवर काढलीत मी. काचसामान एकटं पाठवणारे लोक पाहिलेत आणि पोचल्यावर त्या सामानाचं काय होतं तेही पाहिलंय. पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण?

ताई, विमानवाल्यांची व्यवस्था पाहिली आणि मी तोंडात बोट घातलं. खोटं नाही सांगत. एकट्या मुलांसाठी वेगळा फॉर्म, तोही तीन प्रतींत. आणून देणारा कोण, उतरल्यावर घेणारा कोण, नातं काय, ओळखपत्राचा नंबर काय, पोरीला काय खाल्लं तर बाधतं, सगळं त्यात. मग ते कागद एका पिवळ्या पट्ट्याच्या पाकिटात घालून तिच्या गळ्यात अडकवले. एक गणवेशातली मुलगी आली, ती माझ्याशी न बोलता आधी फौजदारासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिला विचारलं, माझ्याबरोबर यायला तयार आहेस का? (फौजदाराने तिच्या बिल्ल्यावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, मगच हो म्हणाली.) काउंटरवरून हिच्या ताब्यात, हिच्याकडून दारावरच्या माणसाकडे, तिथून हवाई सुंदरीकडे, तिच्याकडून उतरल्यावर तिकडच्या बाईंकडे, आणि प्रत्येक ठिकाणी सही! आमच्याकडे रजिस्टर पार्सलाला तीन सह्या लागत, त्यातल्या दोन मीच करत असे. आणखी एक नियम असा की विमान जमिनीवरून उठेपर्यंत पोचवायला आलेल्याने विमानतळ सोडायचा नाही. मी ते उतरेपर्यंत बसून राहिलो. जाताना फौजदार रडली नाही. दुपारची गोळी विसरू नका, एवढं बजावून गेली. मी रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

चारच्या सुमाराला लेकीचा फोन आला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. विमान वेळेवर उतरलं होतं, पोर खुशाल होती, लेक तिच्यापासून सहा पावलांवर उभी होती, आणि तिकडच्या बाई पोरीला देईनात. का, तर घेणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं माझं! झालं असं असणार की बत्तीस वर्षांची सवय. प्रत्येक पार्सलावर पाठवणाऱ्याचं नाव दोनदा घालायचं, एकदा वर आणि एकदा ‘न पोचल्यास परत’च्या खाली. हात आपोआप चालतो, डोकं कुठे विचारतं? अक्षर मोत्यासारखं, एकही रकाना रिकामा नाही, त्यामुळे इकडे कोणाच्या लक्षात आलं नाही.

लेकीने ओळखपत्र दाखवलं. मोबाइलमधले पोरीच्या बारशापासूनचे फोटो दाखवले. शेवटी पोरीच्या हनुवटीवरचा तीळ आणि आपल्या हनुवटीवरचा तीळ, दोन्हींकडे लांबूनच बोट करून दाखवलं. बाईंनी सगळं नीट पाहिलं, हो हो म्हटलं आणि तसूभर हलल्या नाहीत. मग त्यांनी पोरीला विचारलं, ही तुझी आई ना? आपली फौजदार काय म्हणाली असेल? ‘आईच आहे. पण कागदावर आजोबांचं नाव आहे, मग तुम्ही मला तिच्या ताब्यात कशा देणार?’ लेक हे फोनवर रडत, संतापत सांगत होती आणि इकडे माझी छाती फुगून सदऱ्याची बटणं तुटायची वेळ आली होती. (ते तिला कळू दिलं नाही. मार खाल्ला असता.)

पुढचं ऐक. मला इकडे विमानवाल्यांच्या साहेबासमोर नवा फॉर्म भरावा लागला, तो तिकडे धाडायचा, तिकडून उलट फोन, मग मीच मी आहे याची खातरजमा. एक तास पन्नास मिनिटं गेली. तेवढ्यात बाईंची ड्यूटी संपली. दुसरी कोणी असती तर पर्स उचलून चालती झाली असती. या बसून राहिल्या, कारण ताब्यात घेतल्याची सही त्यांची होती. पोरीला बिस्कीट देण्याआधी काय बाधतं तो रकाना वाचला. आणि टेबलाच्या एका बाजूला पोर, दुसऱ्या बाजूला आई, अशा खुर्च्या मांडून म्हणाल्या, ताबा देता येत नाही, पण वेणी घालायला नियमाची आडकाठी नाही. आठ महिन्यांनी लेकीने पोरीची वेणी घातली, ताई. टेबलावरून वाकून, वाकडीतिकडी, म्हणून सोडून पुन्हा घातली. कागद पोचले, सही झाली, तेव्हा कुठे पोर आईच्या कुशीत गेली. असं माणूस आमच्या खात्यात एक जरी असतं तर मी निवृत्तीच घेतली नसती.

सर्वांना नमस्कार, आशीर्वाद, ज्याला जे लागेल ते. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. लेक अजून धुमसते आहे. बाई आडमुठ्या आणि काउंटरवरचा मुलगा बेपर्वा, अशी तक्रार तिने लिहून ठेवली आहे, सोमवारी धाडणार. ‘बाबा, तुमचा बत्तीस वर्षांत एक पत्ता चुकला नाही, यांनीच काहीतरी घोळ घातला,’ असं ती म्हणाली आणि मी मेल्याने ‘असेल बाई’ म्हटलं! तेव्हापासून घास गिळवत नाही. त्या बाईंना बक्षीस मिळायचं ते राहिलं, वर माझ्यामुळे बोलणी बसणार. लेक तुझं ऐकते. सोमवारच्या आत तिला फोन कर आणि सांग की चूक बाबांची. माझ्या तोंडून निघत नाही.

ता. क. दुसरा : चूकही नव्हती, ताई. वर सवयीचं कारण लिहिलं ते मला स्वतःलाच बरं वाटावं म्हणून. त्या रकान्यापाशी पेन चांगलं मिनिटभर थांबलं होतं. काउंटरवरच्या मुलाने विचारलंही, काका, दोन्हीकडे तुम्हीच? मी त्याच्या तोंडावर म्हटलं, हो, मागोमागच्या विमानाने मी येतोच आहे. घेणारा नसला की माल पाठवणाऱ्याकडे परत येतो, एवढं एकच शास्त्र मला येतं. पोर परत येणार नाही हे कळत होतं, तरी हाताने लिहिलं. हेही तिला सांग. चिडेल, चिडू दे. मग बाबांनी असं का केलं म्हणून विचारेल, त्याला मात्र तू उत्तर देऊ नकोस. मला फोन कर म्हणावं. मी घरीच असतो, दिवसभर.